निष्ठेचे मोजमाप : जर्मन ताब्यातील चॅनल बेटांचे अधिकारी आणि त्यांचे इतिहासकार

प्रास्ताविक

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने जिंकलेल्या प्रदेशांतील स्थानिक अधिकाऱ्यांचा विषय निघाला की चर्चा बहुधा फ्रान्स, नेदरलंड्स किंवा नॉर्वे या देशांभोवती फिरते. ब्रिटिश राजमुकुटाच्या अखत्यारीतील एक भूभागही जवळजवळ पाच वर्षे जर्मन ताब्यात होता, हे भारतीय अभ्यासकांच्या सहसा ध्यानात नसते. नॉर्मंडीच्या किनाऱ्यालगत असलेली गर्न्सी, जर्सी, ऑल्डर्नी, सार्क ही चॅनल बेटे ब्रिटनने जून १९४० मध्ये संरक्षणाविना सोडली. २८ जून रोजी जर्मन विमानांनी गर्न्सी आणि जर्सीच्या बंदरांवर बॉम्बहल्ला केला. ३० जूनला गर्न्सी आणि १ जुलैला जर्सी जर्मनांच्या हाती गेले. या दोन्ही बेटांची सुटका ९ मे १९४५ रोजी झाली. या काळात बेटांचा कारभार स्थानिक अधिकाऱ्यांनीच चालविला. हे अधिकारी राजनिष्ठ होते काय, हा प्रश्न सुटकेच्या दिवसापासून विचारला जात आहे. त्याची उत्तरे देणारे ग्रंथही बरेच झाले आहेत. प्रस्तुत लेखात त्यांपैकी प्रमुख ग्रंथांनी निष्ठेचा कोणता मापदंड वापरला आणि तो कितपत टिकतो, याची तपासणी केली आहे.

आरंभी शब्दांविषयी थोडे बोलणे आवश्यक आहे. इंग्रजी व फ्रेंच इतिहासलेखनात शत्रूला हातभार लावणाऱ्यांसाठी जो शब्द रूढ आहे, त्याचा मूळ अर्थ केवळ ‘सोबत काम करणे’ असा आहे. ऑक्टोबर १९४० मध्ये माँत्वार येथे हिटलरची भेट घेतल्यानंतर मार्शल पेतँ यांनी तो शब्द आपल्या धोरणाचे नाव म्हणून नभोवाणीवरून उच्चारला आणि पुढे तो शिवीसारखा वापरला जाऊ लागला. मराठीत त्याला नेमका पर्याय नाही. ‘सहकार’ हा महाराष्ट्रात प्रतिष्ठेचा शब्द आहे; ‘असहकार’ त्याहून अधिक प्रतिष्ठेचा. ‘फितुरी’ म्हटले की आरोप सिद्ध झाल्यासारखा वाटतो. ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ हा वाक्प्रचार मात्र या विषयाच्या गाभ्याशी नेतो, कारण येथे पहिला प्रश्न मीठ कोणाचे, हाच आहे. बेटांवरील अधिकाऱ्यांची नेमणूक राजाची होती, वेतन बेटांच्या तिजोरीतून येत होते आणि प्रत्येक निर्णयावर जर्मन कमांडंटची नजर होती.

कायद्याची चौकट

चॅनल बेटे ही ब्रिटनचा भाग नव्हेत. नॉर्मंडीच्या ड्यूकचा वारस म्हणून ब्रिटनच्या राजाकडे त्यांचे स्वामित्व आले आणि तेथील विधिमंडळे, न्यायालये व परंपरागत कायदे स्वतंत्र राहिले. प्रत्येक बेलिविकचा प्रमुख ‘बेलिफ’ हा न्यायाधीशही असतो आणि विधिमंडळाचा अध्यक्षही. जर्मन येण्यापूर्वी राजाचे प्रतिनिधी असलेले लेफ्टनंट गव्हर्नर माघारी बोलावण्यात आले. बेलिफांनी मात्र आपल्या जागी राहून रहिवाशांच्या हितासाठी शक्य तितका कारभार चालवावा, अशी सूचना ब्रिटिश गृहखात्याने जून १९४० मध्ये दिली. जर्सीत अलेक्झांडर कूटांश आणि गर्न्सीत त्या वेळी सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेले व्हिक्टर केरी यांनी ती पाळली. गर्न्सीचा प्रत्यक्ष कारभार ॲटर्नी जनरल ॲम्ब्रोज शेरविल यांच्या अध्यक्षतेखालील नियंत्रण समितीकडे सोपविण्यात आला.

ही सूचना अधिकाऱ्यांच्या बाजूने मांडला जाणारा पहिला पुरावा आहे आणि तो भक्कम आहे. जागेवर राहणे हा त्यांचा गुन्हा नव्हता. तो त्यांना मिळालेला आदेश होता. परंतु त्या सूचनेत एक मोठी उणीव होती. राहावे असे सांगितले, पण कोठपर्यंत राहावे हे सांगितले नाही. नेदरलंड्सच्या सरकारने १९३७ मध्येच आपल्या अधिकाऱ्यांसाठी गुप्त मार्गदर्शक सूचना तयार केल्या होत्या. त्यांचे सूत्र असे की, राहण्याने जनतेला होणारा लाभ शत्रूला होणाऱ्या लाभाहून अधिक असेल तोवरच अधिकाऱ्याने राहावे. हे सूत्र व्यवहारात फारसे उपयोगी पडले नाही हे खरे. तराजू ज्याच्या हाती तो आपल्या सोयीने पारडे पाहतो. तरीही तराजू आहे एवढे तरी डच महापौरांना ठाऊक होते. बेटांवरील अधिकाऱ्यांना तेही दिले गेले नाही.

१९०७ च्या हेग नियमावलीतील ४३ व्या कलमानुसार ताबा घेणाऱ्या सत्तेने, अगदी अशक्य नसेल तर, स्थानिक कायदे पाळून सुव्यवस्था राखावयाची असते. ४५ व्या कलमाने रहिवाशांकडून शत्रुसत्तेशी निष्ठेची शपथ बळजबरीने घेण्यास मनाई केली आहे. आज्ञापालन आणि निष्ठा या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे आंतरराष्ट्रीय कायद्याने गृहीतच धरले होते. बेटांवर हे प्रत्यक्ष दिसते. चर्चमध्ये राजासाठी प्रार्थना करण्यास जर्मनांनी मुभा दिली होती आणि त्याच आठवड्यात न्यायालयात जर्मन आदेशांची नोंद होत असे. अधिकाऱ्यांच्या मनात राजाविषयी भक्ती होती काय, हा प्रश्न त्यामुळे जवळजवळ निरर्थक ठरतो. ती होतीच. विचारावयाचे ते हे की, या भक्तीने त्यांच्या सहीचा हात कधी थांबविला काय?

इतिहासकारांचे मापदंड

१९५५ मध्ये प्रसिद्ध झालेला ॲलन व मेरी वुड यांचा ग्रंथ आणि १९७५ मध्ये इंपीरियल वॉर म्यूझियमसाठी चार्ल्स क्रुकशँक यांनी लिहिलेला अधिकृत इतिहास, या दोहोंचा कल अधिकाऱ्यांच्या अडचणी समजून घेण्याकडे आहे. क्रुकशँक यांनी प्रशासनाची घडी, अन्नपुरवठा, लष्करी तटबंदी यांची केलेली मांडणी आजही उपयुक्त आहे. मात्र त्यांच्या लेखनात प्रश्न कार्यक्षमतेचा होतो. कारभार चालला काय, लोक जगले काय, हे विचारले जाते. कोणाच्या जिवावर चालला, हे कमी विचारले जाते.

मॅडेलिन बंटिंग यांचा १९९५ चा ‘द मॉडेल ऑक्युपेशन’ हा ग्रंथ आल्यावर हे चित्र पालटले. शीर्षकातच टोला आहे. ७ ऑगस्ट १९४० रोजी गर्न्सीच्या विधिमंडळात शेरविल यांनी हा ताबा जगापुढे आदर्श ठरावा, अशी आशा व्यक्त केली होती, त्या उद्गाराचा हा संदर्भ. ब्रिटनवर नाझींचे राज्य आले असते तर ब्रिटिश माणूस फ्रेंचांहून वेगळा वागला असता, ही युद्धोत्तर ब्रिटनची लाडकी समजूत बंटिंग यांनी बेटांच्या उदाहरणाने मोडीत काढली. ही त्यांची कामगिरी मोठी आहे. तथापि त्यांच्या ग्रंथाच्या ओघात बेलिफाची सही, जर्मन सैनिकाशी संबंध ठेवणारी तरुणी, काळ्या बाजारातील दुकानदार आणि खबऱ्या या सर्वांना एकाच नैतिक प्रश्नासमोर उभे केले जाते. पत्रकाराची नजर येथे उपकारक तशीच अपायकारकही ठरते. तरुणीचे वर्तन खाजगी आहे. बेलिफाची सही सार्वजनिक आहे, कारण ती झाली की आदेशाला कायद्याचे रूप येते.

हाच धागा डेव्हिड फ्रेझर यांनी २००० मधील आपल्या ग्रंथात पकडला. त्यांचे प्रतिपादन असे की, बेटांवरील ज्यूविरोधी आदेश हे कायद्याचा भंग म्हणून आले नाहीत. ते नेहमीच्या विधिप्रक्रियेतून, नेहमीच्या नोंदवहीत, नेहमीच्या कारकुनी शिस्तीने आले. अधिकाऱ्यांना ज्यूंचा द्वेष होता म्हणून नव्हे, तर आदेश रीतसर होता म्हणून तो अमलात आला. हे विवेचन अंगावर काटा आणणारे आणि बहुतांशी पटणारे आहे. त्यात उणीव आहे ती भुकेची. फ्रेझर यांच्या पानांवर कागद दिसतो, पण तो कागद लिहिणाऱ्याच्या टेबलावर त्याच दिवशी पिठाचा आणि कोळशाचा हिशेब पडला होता, हे दिसत नाही. त्याच वर्षी फ्रेडरिक कोहेन यांनी बेटांवरील ज्यू रहिवाशांची एकेकाची हकिकत जुळविली. त्या नावांमुळे पुढच्या लेखकांना सामान्य विधाने करून निसटणे कठीण झाले. २००५ मध्ये पॉल सँडर्स यांनी अर्थकारण आणि मुत्सद्देगिरी या अंगाने विषय मांडताना जर्सी व गर्न्सी यांच्या कारभारातील फरकावर भर दिला. कूटांश हे कसलेले वकील, जर्मनांशी हेग नियमावलीच्या आधारे वाद घालणारे. केरी वृद्ध आणि दबणारे, असे हे चित्र आहे. ते खोटे नाही. परंतु सर्वांत महत्त्वाच्या कसोटीच्या प्रसंगी हा फरक दिसेनासा होतो, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

ऑक्टोबर १९४०

जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये २७ सप्टेंबर १९४० रोजी निघालेला ज्यूंच्या नोंदणीचा आदेश महिनाभरात बेटांवर पोहोचला. जर्सीच्या रॉयल कोर्टात त्याची नोंद २१ ऑक्टोबरला आणि गर्न्सीत २३ ऑक्टोबरला झाली. करारी कूटांश आणि दबणारे केरी यांच्यात येथे अंतर उरले ते दोन दिवसांचे. जर्सीत बारा जणांची नोंद झाली, गर्न्सीत त्याहून कमी. बहुतेक ज्यू आधीच इंग्लंडला निघून गेले होते. आकडा इतका लहान असल्यामुळेच कदाचित तो कोणाला झगडण्याजोगा वाटला नसावा. एकविसाव्या शतकातील वाचकाला मात्र हा लहान आकडाच अस्वस्थ करतो, कारण एवढ्या माणसांना अधिकारी चेहऱ्याने ओळखू शकत होते.

गर्न्सीच्या त्या बैठकीत एका व्यक्तीने संमती नाकारली. सर अब्राहम लेने यांनी या आदेशावरील आपला आक्षेप उघडपणे मांडला. ही हकिकत प्रामुख्याने शेरविल यांच्या आठवणींमुळे परिचित झाली. त्याच आठवणींत शेरविल यांनी स्वतः निषेध न केल्याची लाज आपल्याला वाटत राहिली, असेही कबूल केले आहे. मूळचे गर्न्सीचे असलेले लेने हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील निवृत्त अधिकारी होते आणि त्यांची कारकीर्द आसाममध्ये गेली होती. इतिहासकारांनी या तपशिलाचा उल्लेख केला, पण त्यावर फारसे थांबले नाहीत. परकी सत्ता स्थानिक माणसांकरवी कशी चालते, हे त्या खोलीत लेने यांच्याइतके जवळून बहुधा कोणी पाहिलेले नव्हते. तेथे ते सत्तेच्या बाजूला होते, येथे ते सत्तेखाली आले. या अनुभवाने त्यांचा नकार घडविला असे सिद्ध करता येणार नाही. पण सनदी नोकराला आदेशावर लेखी वा तोंडी मतभेद नोंदविण्याची सवय असते, ती सवय त्यांच्यापाशी होती, एवढे म्हणता येईल.

लेने यांच्या आक्षेपाचा परिणाम काही झाला नाही. आदेश नोंदला गेला; लेने यांनी समितीही सोडली नाही. परिणामशून्य असल्यामुळे अनेकांनी तो एक उदात्त तळटीप म्हणून बाजूला ठेवला आहे. हे योग्य नव्हे. आक्षेप घेणाऱ्याला अटक झाली नाही, त्याचे पद गेले नाही, बेटावर सूड उगविला गेला नाही. म्हणजेच निदान ऑक्टोबर १९४० मध्ये आक्षेप घेणे शक्य होते आणि त्याची किंमत भरमसाट नव्हती. ‘दुसरा मार्गच नव्हता’ हे समर्थन त्या दिवसापुरते तरी या एका माणसाने फोल ठरविले आहे. लेने यांचे मोल त्यांनी कोणाला वाचविले यात नाही. इतरांना काय करता आले असते, हे त्यांच्यामुळे कळते.

नोंदणीचे फळ दीड वर्षाने आले. एप्रिल १९४२ मध्ये तेरेझ स्टायनर, ऑगुस्ट श्पिट्झ आणि मारियान ग्रूनफेल्ड या तीन स्त्रियांना गर्न्सीहून फ्रान्सला पाठविण्यात आले. जुलै १९४२ मध्ये त्यांची रवानगी ऑश्विट्झला झाली. त्या परत आल्या नाहीत. या स्त्रिया मध्य युरोपातून आलेल्या होत्या. ब्रिटिश नागरिक नव्हत्या. कोणावर निष्ठा ठेवावी याबरोबरच कोणाचे रक्षण करणे आपले कर्तव्य मानावे, हा प्रश्न येथे उभा राहतो. ‘रहिवाशांचे हित’ या गृहखात्याच्या शब्दांत या तिघी येत होत्या काय? अक्षरशः पाहिले तर येत होत्या. अधिकाऱ्यांच्या मनातील बेटावर मात्र त्यांना जागा नव्हती.

सक्ती आणि तत्परता

निष्ठेच्या चर्चेत एक भेद पुरेसा पाळला जात नाही, तो म्हणजे सांगितलेले करणे आणि सांगितल्याहून अधिक करणे यांतील भेद. जुलै १९४१ मध्ये गर्न्सीत भिंतींवर विजयचिन्ह म्हणून ‘व्ही’ अक्षर रंगविण्याची लाट आली, तेव्हा केरी यांच्या नावाने एक सूचना प्रसिद्ध झाली. असे चिन्ह काढणाऱ्यावर गुन्हा सिद्ध होईल अशी माहिती देणाऱ्यास २५ पौंडांचे बक्षीस तीत जाहीर केले होते. समर्थकांचे म्हणणे असे की, सामुदायिक शिक्षा टाळण्यासाठी हे करावे लागले. शिक्षेची भीती खरी होती. परंतु लोकांना सावध करणे आणि शेजाऱ्याला पकडून देण्यासाठी पैसे देऊ करणे या दोन भिन्न कृती आहेत. पहिलीत अधिकारी जनतेच्या बाजूने बोलतो, दुसरीत तो जनतेतच फूट पाडतो. केरी यांच्या संपूर्ण कारकिर्दीतील ही एक सूचना अक्षम्य ठरते.

याच्या उलट शेरविल यांचे उदाहरण गुंतागुंतीचे आहे आणि म्हणूनच अधिक बोधप्रद. ऑगस्ट १९४० मध्ये त्यांनी जर्मन नभोवाणीसाठी एक संदेश ध्वनिमुद्रित करून दिला. त्यात जर्मन सैनिकांच्या वर्तनाची प्रशंसा होती. इंग्लंडला पाठविलेल्या मुलांच्या आईबापांना धीर देण्याचा त्यांचा हेतू होता. जर्मनांनी त्याचा प्रचारासाठी उपयोग केला. एवढ्यावर निकाल द्यावयाचा तर शेरविल दोषी ठरतात. पण त्याच शरदात निकोल आणि सिम्स हे टेहळणीसाठी आलेले दोन ब्रिटिश अधिकारी बेटावर अडकून पडले, तेव्हा ते हेर म्हणून गोळीला बळी पडू नयेत, युद्धकैदी ठरावेत यासाठी शेरविल यांनी त्यांना गणवेश मिळवून देण्यास मदत केली. हे उघड होताच त्यांना पॅरिसच्या शेर्श-मिदी तुरुंगात जावे लागले. १९४३ मध्ये ते जर्मनीतील लाउफेन छावणीत गेले आणि तेथे कैद्यांचे प्रमुख झाले. युद्धानंतर १९४६ मध्ये ते गर्न्सीचे बेलिफ झाले. ऑगस्टमधला शेरविल आणि ऑक्टोबरमधला शेरविल ही दोन माणसे नव्हेत. ज्या विश्वासाने त्यांनी जर्मनांच्या सभ्यतेची ग्वाही दिली, त्याच विश्वासाने ते दोन अधिकाऱ्यांना जर्मनांच्या स्वाधीन होण्याचा मार्ग दाखवीत होते. सामोपचाराने सर्व काही सांभाळता येईल, ही त्यांची श्रद्धा होती. तिने एकदा प्रचाराला हातभार लावला आणि एकदा दोन जीव वाचविले.

‘मी गेलो तर वाईट येईल’ हे समर्थन युरोपभर ऐकू येते. नेदरलंड्समध्ये त्याला निश्चित अर्थ होता, कारण महापौर हटला की त्याच्या जागी डच नाझी पक्षाचा माणूस येत असे. पेटर रोमाइन यांच्या २००६ मधील डच महापौरांवरील ग्रंथात हा पेच विस्ताराने आला आहे. चॅनल बेटांवर स्थानिक नाझी पक्ष नव्हता. अधिकारी हटले असते तर थेट लष्करी अंमल आला असता आणि त्यासाठी जर्मनांना आपली माणसे गुंतवावी लागली असती. येथील ‘वाईट’ हे कल्पित होते, पण लाभ मात्र शत्रूला रोकडा मिळत होता. सप्टेंबर १९४२ पासून ब्रिटनमध्ये जन्मलेल्या सुमारे दोन हजार रहिवाशांना जर्मनीतील छावण्यांत नेण्यात आले, तेव्हा जर्सीत राजीनाम्याचा विचार पुढे आला. तो अमलात आला नाही.

या समर्थनात बळ आहे ते अन्नाच्या बाबतीत. जर्सीत सुमारे ४१ हजार आणि गर्न्सीत सुमारे २५ हजार लोक मागे राहिले होते. त्यांच्यासाठी धान्य, बियाणे, औषधे फ्रान्समधून विकत आणावी लागत आणि ही खरेदी जर्मन परवान्याशिवाय अशक्य होती. नॉर्मंडीतील ग्रॅनव्हिल येथे बेटांचे खरेदीदार बसत. जून १९४४ मध्ये दोस्त सैन्य फ्रान्समध्ये उतरले आणि हा मार्गच तुटला. त्या हिवाळ्यात लोक खरोखर उपासमारीला पोहोचले. रेड क्रॉसचे ‘व्हेगा’ जहाज २७ डिसेंबर १९४४ रोजी गर्न्सीला लागले, ते बेटांच्या अधिकाऱ्यांच्या आर्जवांनंतर. ज्याच्या हाती हजारोंच्या भाकरीची किल्ली आहे, त्याने मूठभरांसाठी ती पणाला लावावी काय, हा प्रश्न वाचनालयात बसून सहज सोडविता येणारा नाही. फक्त एक नोंद केली पाहिजे. नोंदणीला विरोध केल्याने भाकर गेली असती, असे दर्शविणारा पुरावा समर्थकांनी दिलेला नाही. भाकरीचे कारण बहुधा मागाहून चिकटविलेले आहे.

गणवेशातील धाकटे

या सर्व ग्रंथांत एक वर्ग कडेला राहतो. तो खालच्या पायरीवरील नोकरांचा. १९४२ मध्ये गर्न्सी पोलीसदलातील सुमारे निम्मे शिपाई जर्मन व नागरी कोठारांतून अन्नधान्य चोरल्याच्या आरोपात सापडले. बीबीसीच्या आवाहनांनी प्रेरित होऊन आपण जर्मनांना उपद्रव देण्यास आरंभ केला, असे त्यांतील काहींचे पुढे म्हणणे होते. काही चोरी शत्रूची होती, काही आपल्याच माणसांच्या साठ्यातली. सरमिसळ झाली होती हे नाकारता येत नाही. जर्मन लष्करी न्यायालयाबरोबरच बेटाच्या स्वतःच्या रॉयल कोर्टानेही त्यांना दोषी ठरविले. अनेकांना युरोपातील तुरुंगांत व छावण्यांत पाठविण्यात आले. एक जण तेथेच मरण पावला.

इतिहासकार या प्रकरणाची चर्चा ‘प्रतिकार’ किंवा ‘गुन्हेगारी’ या प्रकरणांत करतात, ‘अधिकारी’ या प्रकरणात नव्हे. वास्तविक हे शिपाईही त्याच राजाचे नोकर होते. वरिष्ठांच्या आज्ञापालनाला परिस्थितीचा संदर्भ देऊन समजून घेतले गेले. कनिष्ठांच्या आज्ञाभंगाला तो संदर्भ मिळाला नाही. सुटकेनंतर ब्रिटिश सरकारने तपास केला आणि एकाही वरिष्ठ अधिकाऱ्यावर शत्रूला मदत केल्याचा खटला भरला नाही. केरी, कूटांश आणि शेरविल यांच्यानंतर समितीचे अध्यक्ष झालेले जॉन लील यांना नाइट हा किताब मिळाला. पोलिसांपैकी काहींनी आपले कबुलीजबाब छळ करून घेतले गेले, असे सांगत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागितली. १९५५ मध्ये ती फेटाळण्यात आली.